मागून धडक बसते तेव्हा: घरच्या गाडीची तयारी, हेडरेस्टपासून डिकीपर्यंत

पुढची खासगी बस हात दाखवणाऱ्या प्रवाशासाठी तिथल्या तिथे थांबते. तिच्यामागची कार थांबते, त्यामागे तुम्ही थांबता, आणि तुमच्या मागच्याला थांबता येत नाही. गोव्यात मागून ठोकर बसते ती बहुतेक अशीच. बांबोळीचा उतार, मेरशीचा सिग्नल, पर्वरीतली खोळंबलेली रांग, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटायची वेळ, आणि जून लागला की ओला झालेला कुठलाही रस्ता. यात तुमची चूक नसते. ब्रेक तुम्ही वेळेवर लावलेला असतो. त्यानंतर गाडीतल्या माणसांना सांभाळायचं काम सीट, हेडरेस्ट, बेल्ट आणि डिकीचा पत्रा यांच्याकडे जातं. ते काम त्यांना नीट करता येईल की नाही, हे मात्र गाडी घराच्या अंगणात उभी असतानाच ठरलेलं असतं.

हे मी कळकळीने सांगते, कारण गाडी घेताना आपण एअरबॅग मोजतो आणि किती स्टार ते विचारतो. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनसीएपीत, म्हणजे हे स्टार देणाऱ्या आपल्याकडच्या चाचणीत, गाडी समोरून ताशी ६४ किलोमीटरने आदळवतात, बाजूने ५० च्या वेगाने धडक देतात आणि खांबावर २९ च्या वेगाने आडवी नेतात. मागून धडकेची चाचणी त्यात नाही. पाच स्टारची गाडी जरूर घ्या, तिचा सांगाडा भक्कम असतो. पण तिची सीट मागून बसलेल्या धक्क्यात मान किती जपेल, याचं उत्तर त्या स्टारमध्ये नाही. ते आपल्यालाच बघायला लागतं. एक निवांत रविवार, मोजपट्टी आणि घरातली सगळी माणसं एवढं पुरेसं आहे.

आत नेमकं काय घडतं

मागून धक्का बसला की गाडी पुढे फेकली जाते. सीट गाडीच्या तळाला जखडलेली असल्यामुळे तीही पुढे येते आणि पाठीला ढकलते. डोकं मात्र साडेचार-पाच किलोचं ओझं; ते होतं तिथेच राहू पाहतं. छाती पुढे आणि डोकं मागे अशा ओढाताणीत मान क्षणभर नागमोडी होते. तिचा खालचा भाग मागे वाकतो, वरचा पुढे. मग डोकं मागे आपटतं आणि लगेच उसळून पुढे येतं. हे सगळं सेकंदाच्या एक-दोन दशांशांत उरकतं. मानेतले स्नायू, सांधे आणि अस्थिबंध ताणले जातात ते इथे. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात.

धक्का किती मोठा, हे फक्त वेगावर ठरत नाही. बाराशे किलोची कार ताशी ३० किलोमीटरने येऊन तेवढ्याच वजनाच्या तुमच्या उभ्या गाडीवर आदळली, तर तुमची गाडी साधारण १५ च्या वेगाने पुढे ढकलली जाते. तीच धडक बारा टनांच्या बसने दिली तर तुमच्या गाडीला एका क्षणात २७ च्या आसपास वेग मिळतो. रांगेत असाल तर पुढच्या वाहनावर आदळणं आलंच. म्हणजे एकाच अपघातात दोन धडका बसतात, आधी मागून, मग समोरून. घरच्यांना गाडीत कसं बसवायचं हे ठरवताना या दोन्हींचा विचार हवा.

गाडीत प्रत्येक भागाला आपापलं काम नेमून दिलेलं आहे. डिकीकडचा भाग मुद्दाम चेपण्यासाठी बनवलेला असतो. तो दबतो आणि धडकेचा जोर पितो. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि माणसं बसतात तो मधला भाग मजबूत, तर पुढची-मागची टोकं चेपणारी, अशी रचना तिथून रूढ झाली. सीटची पाठ तुमची पाठ झेलते, हेडरेस्ट डोकं अडवतं. बेल्ट तुम्हाला सीटवर धरून ठेवतो आणि दुसऱ्या धडकेत पुढे जाऊ देत नाही. समोरच्या एअरबॅग मागून बसलेल्या धक्क्याला सहसा उघडत नाहीत, कारण त्या धक्क्यात शरीर आधी मागे जातं, पुढे नाही. तुमची गाडी पुढच्या वाहनावर जोरात ढकलली गेली तर उघडतील. ‘एवढी ठोकर बसली तरी एअरबॅग उघडली नाही’ ही तक्रार मी फार वेळा ऐकली आहे. पुष्कळदा त्यात बिघाड काही नसतो.

हेडरेस्ट: पहिलं आणि सर्वांत मोलाचं काम

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. ज्याला आपण मान टेकवायची उशी समजतो, ती डोकं अडवण्यासाठी आहे. अमेरिकेत पुढच्या सीटना हेडरेस्ट १९६९ पासून सक्तीचं झालं ते याच कारणाने.

गाडी सपाट जागी उभी करा. प्रत्येकाला आपल्या नेहमीच्या जागेवर नेहमीसारखं बसू द्या, ताठ बसून दाखवायला सांगू नका. मग बाजूने बघा. हेडरेस्टचा वरचा काठ निदान कानांच्या वरच्या टोकापर्यंत यायला हवा. डोक्याच्या माथ्यापर्यंत आला तर उत्तम. तो मानेपाशी असेल तर धक्क्यात डोकं त्याच्यावरून मागे वळतं आणि इजा वाढते. वर ओढल्यावर खटका बसला का बघा, मग वरून तळहाताने जोरात दाबा. खाली घसरलं तर खाच झिजली आहे, बदलून घ्या.

आता आडवं अंतर. डोक्याची मागची बाजू आणि हेडरेस्ट यांच्यात पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त जागा नको. चार बोटं आडवी धरून सहज सैल फिरत असतील तर ती जास्त आहे. काही गाड्यांत हेडरेस्ट पुढे झुकवता येतं. बाकीच्या गाड्यांत सीटची पाठ थोडी उभी करून अंतर कमी होतं, आणि बहुतेकांना तेवढंच लागतं.

मागच्या सीटवर तर फारच दुर्लक्ष असतं. आरशातून मागचं दिसावं म्हणून हेडरेस्ट पूर्ण खाली दाबलेली असतात, किंवा काढून घरच्या माळ्यावर ठेवलेली. खाली दाबलेलं हेडरेस्ट मोठ्या माणसाच्या पाठीला नुसतं टोचतं, उपयोग शून्य. मागे कोणी बसणार असेल तर ते वर ओढूनच गाडी सुरू करायची, असा घरात नियम करा. पुष्कळ गाड्यांत मागच्या सीटच्या मधल्या जागेला हेडरेस्टच नसतं. त्या जागेवर उंच माणूस बसवू नये. पाच जण असतीलच तर जिचं किंवा ज्याचं डोकं सीटच्या पाठीच्या आतच टेकतं, त्या व्यक्तीला मधे बसवा.

हेडरेस्टला बांधायच्या मऊ उशा बाजारात खूप मिळतात. त्यांनी डोकं आणि आधार यांच्यातलं अंतर बिघडतं, काढून टाका. मुलांसाठी पुढच्या हेडरेस्टमागे कडक चौकटीत टॅब लटकवणंही टाळा. बायकांसाठी आणखी एक: अबोलीच्या फातीने, म्हणजे गजऱ्याने, काही बिघडत नाही, पण डोक्यामागे प्लास्टिकचा मोठा चिमटा असेल तर धक्क्यात तो कवटीवर दाबला जातो. गाडीत बसताना केस खाली बांधावेत.

काही गाड्यांच्या सीट स्वतःच मदत करतात. १९९७ मध्ये साब या गाडी कंपनीने असं हेडरेस्ट आणलं, जे पाठीचा दाब सीटवर पडताच वर-पुढे सरकतं. पुढच्याच वर्षी व्होल्वोने अख्खी सीट धक्क्यासोबत थोडी मागे जाऊन जोर शोषेल अशी रचना केली. तुमच्या गाडीत असं काही आहे का, हे मालकाच्या पुस्तिकेत सापडेल. असलं तरी उंची लावण्यातून सुटका नाही.

सीटची पाठ आणि बेल्ट

मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या प्रवासात पुढच्या सीटवरचा माणूस सीट पार मागे पाडून झोपतो. बेल्ट लावलेला असतो, पण तो छातीपासून वितभर दूर लोंबत असतो. मागून धक्का बसला की असं आडवं शरीर सीटच्या पाठीवरून वर सरकतं आणि डोकं हेडरेस्टच्या वर निघून जातं. समोरून धडक बसली तर उलट, शरीर बेल्टखालून घसरतं आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. सरळ उभ्या रेषेपासून वीस-पंचवीस अंशांपेक्षा जास्त सीट कलवू नये. झोप आवरत नसेल तर गाडी थांबवून झोपा. चालकाने छाती आणि स्टीअरिंगचा मध्यभाग यांच्यात किमान २५ सेंटीमीटर अंतर ठेवावं.

बेल्टचा खालचा पट्टा मांडीच्या वर, कमरेच्या हाडांवरून जायला हवा. पोटावरून नाही. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यायचा आणि वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने. साडीतल्या आजींना बेल्ट बोचतो म्हणून त्या तो काखेखालून घेतात. तसं केलं तर धक्क्याचा सगळा जोर बरगड्यांवर येतो. खांद्यावरून जाणारा पट्टा गळ्याला घासत असेल तर दाराच्या खांबावरची त्याची कडी खाली सरकवता येते का बघा; पुष्कळ गाड्यांत पुढे ही सोय असते.

मागच्या सीटवरच्यांनी बेल्ट लावायलाच हवा. तो न लावणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे हजार रुपये दंड आहे, पण मुद्दा दंडाचा नाही. मागून धक्का बसून तुमची गाडी पुढच्या बसवर गेली, की मागचा बिनबेल्टचा माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो आणि पुढच्याचा जीवही धोक्यात घालतो. बेल्टच्या खाचेत अडकवून बीप बंद करणाऱ्या नकली क्लिपा कुणाच्या गाडीत दिसल्या तर काढून फेका. ऑनलाइन बाजारांतून त्या काढून टाकायचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये दिला होता, तो उगाच नव्हे.

मुलांना कसं बसवायचं

आईच्या मांडीवर मूल सुरक्षित, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे, म्हणून हिशोब मांडते. दहा किलोचं बाळ, गाडीचा वेग ताशी ४०, आणि धडकेत गाडी सेकंदाच्या एक दशांशात थांबली. त्या क्षणी बाळाला धरून ठेवायला एकशे दहा किलोहून जास्त वजन पेलण्याइतका जोर लागतो. कुठल्याही आईच्या हातात तो नसतो. प्रेमाचा इथे प्रश्नच नाही.

बाळासाठी गाडीच्या मागच्या बाजूला तोंड असलेली, पाठमोरी सीट घ्या. युरोपातल्या आर१२९ नियमाप्रमाणे निदान पंधरा महिन्यांपर्यंत ती पाठमोरीच ठेवायची असते. सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल बसतंय तोवर तशीच ठेवणं अधिक चांगलं. पालक लगेच विचारतात की धक्का मागून आला तर पाठमोऱ्या बाळाचं तोंडच त्या दिशेला, मग? प्रश्न रास्त आहे. समोरची धडक साधारणपणे मागच्यापेक्षा फार जोराची असते, आणि बाळाची नाजूक मान त्या धडकेत वाचवते ती पाठमोरी सीटच. मागून धक्का बसला तर ती सीट गाडीच्या पाठीकडे झुकते आणि आतले पट्टे बाळाला धरून ठेवतात. काही सीटना हे झुकणं रोखणारा आडवा दांडा असतो. मिळाली तर तशी घ्या. वर सांगितलेली दुसरी धडक झाली, तर गाडीतल्या घरच्यांत पाठमोरं बाळ सर्वांत सुरक्षित असतं. पुढे एअरबॅग चालू असलेल्या जागेवर मात्र ही सीट कधीही लावायची नाही.

सीट लावताना आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट थेट गाडीला अडकवायच्या, दोन कड्या मागच्या सीटच्या सांध्यात बोटांनी शोधा. खटका ऐकू आला पाहिजे आणि खूण हिरवी व्हायला हवी. समोर तोंड असलेल्या सीटला वरचा पट्टा असतो. सीटच्या पाठीमागच्या नेमलेल्या हुकाला तो अडकवून ताणा. दुकानदाराने लावून दिलेल्या सीटचा हा पट्टा नुसता लोंबताना मी पाहिला आहे, तेव्हा स्वतः हात लावून बघा. बसवल्यावर सीट तळाशी धरून हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलू नये. बाळाच्या खांद्यावरच्या पट्ट्याची चिमूट हातात आली तर तो सैल आहे. आयसोफिक्सवर मूल आणि सीट मिळून साधारण ३३ किलोपर्यंतच भार घ्यायचा असतो. त्यापुढे गाडीचा बेल्ट वापरतात. उंची साधारण १४५ सेंटीमीटर होईपर्यंत मुलांना उंच करणारी बूस्टर सीट लागते, नाहीतर बेल्ट गळ्यावर आणि पोटावर येतो.

जागेचाही विचार करा. जोराच्या धक्क्यात पुढच्या सीटची पाठ मागे मोडू शकते, आणि तिच्यावर बसलेला माणूस जितका जड, तितकी शक्यता जास्त. म्हणून मुलाची सीट घरातल्या जड माणसाच्या मागे न लावता हलक्या माणसाच्या किंवा रिकाम्या सीटच्या मागे लावावी.

चवथीचं वेगळं सांगायला हवं. चित्रशाळेतून गणपती आणताना मूर्ती मांडीवर घेऊन बसायची आपली पद्धत आहे. चिकणमातीची मूर्ती जड असते. ती मांडीवर असली की बेल्ट नीट बसत नाही, आणि धक्का बसला तर मूर्ती, माणूस आणि पुढची सीट यांच्यात काही अंतर उरत नाही. पाट मागच्या सीटवर ठेवा, खाली घडी केलेली चादर घालून तो सपाट करा आणि पाटासकट मूर्ती गाडीच्या बेल्टने व सुती दोरीने बांधा. शेजारच्याने आपला बेल्ट लावून हात नुसता आधाराला ठेवावा. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचे नारळ आणि फळं बंद पिशवीत डिकीच्या तळाशी ठेवा.

डिकी, तिसरी रांग, सिलिंडर

डिकीतलं सामान सीटच्या पाठीच्या उंचीपेक्षा वर जाऊ देऊ नका. जड वस्तू तळाला, सीटच्या पाठीला टेकवून. मागच्या काचेखालच्या फळीवर छत्री, पाण्याची बाटली, हेल्मेट काही नको. घडी होणारी मागची सीट असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे खटके पूर्ण बसलेत का बघा. अर्धवट बसलेला खटका सामानाच्या धक्क्याने सुटतो आणि मुलांच्या पाठीवर अख्खी सीट कोसळते.

सात जणांच्या गाडीत तिसऱ्या रांगेत नेहमी मुलं आणि आजी जातात, कारण त्यांना तिथे शिरता येतं. पण डोकं आणि मागची काच यांच्यात तिथे किती अंतर उरतं ते एकदा मोजा. चेपायला जागा कमी, म्हणजे तुम्हाला मिळणारं संरक्षणही कमी. पाच किंवा कमी जण असताना तिसरी रांग उघडूच नका. उघडावी लागली तर हेडरेस्ट ज्यांच्या डोक्यापर्यंत पोचतं अशांनाच बसवा.

मागच्या बंपरवर लोखंडी गार्ड बसवून घ्यायचा मोह अनेकांना होतो. छोट्या ओरखड्यापासून तो बंपर वाचवतो, पण मोठ्या धडकेत जोर शोषणाऱ्या भागाला वळसा घालून तो थेट सांगाड्यात नेतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड काढायला लावण्याच्या सूचना राज्यांना दिल्या होत्या.

डिकीत सीएनजीचा सिलिंडर असेल तर तो आरसीवर नोंदलेला असावा, दर तीन वर्षांनी त्याची दाबचाचणी व्हावी आणि त्याचे पट्टे-बोल्ट घट्ट असावेत. कंपनीतून आलेलं किट आणि कुठल्यातरी गॅरेजमध्ये बसवलेलं किट यांत निवड करायची असेल तर मी कंपनीच्या बाजूची आहे. मागच्या धडकेत सर्वांत आधी दबतो तो हाच भाग.

धडक टाळण्यासाठी मागच्याला दिसा

रात्री गाडी घराच्या भिंतीला पाठ करून उभी करा आणि ब्रेक दाबा. तीन लाल ठिपके दिसले पाहिजेत, दोन बाजूंना आणि एक वर मधे. हा मधला दिवा अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला आणि त्याने मागच्या धडका कमी झाल्या, हे तिथल्या सरकारी अभ्यासात दिसलं. टेल लाइटवर काळी फिल्म लावू नका. पावसाळ्यात लाल चिखलाचा थर दिव्यांवर बसतो. चहाला थांबलात की फडकं मारा.

पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवायची सवय सोडा. मागच्याला तुम्ही उभे आहात की चालताय ते कळत नाही, आणि वळताना तुमचा इंडिकेटरही दिसत नाही. हेडलाइट लावा, म्हणजे टेल लाइट आपोआप लागतात. रांग अचानक थांबली आणि तुम्ही शेवटचे असाल तेव्हा मात्र चारही इंडिकेटर जरूर लावा, मागे कोणी येऊन थांबेपर्यंत.

थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा. मागून धक्का बसला तर दुसरी धडक टळू शकते, आणि आरशात भरधाव ट्रक दिसला तर कडेला निघायला वाट राहते. चालताना कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचं अंतर हवं. ताशी ६० च्या वेगाला ते ३३ मीटर, म्हणजे आठ गाड्यांची लांबी होते. पावसात ते दुप्पट करा. मागचा अगदी चिकटून येत असेल तर तुमच्या पुढचं अंतर आणखी वाढवा. मग तुम्हाला ब्रेक हळू लावता येतो आणि त्यालाही वेळ मिळतो.

आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, म्हणजे एईबी, आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही येते. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेला ती असलेल्या गाड्यांनी पुढच्याला मागून ठोकण्याचे प्रकार सुमारे निम्म्याने घटलेले आढळले. आपल्याला ठोकणाऱ्याच्या गाडीत ती असण्याची शक्यता अजून कमी, तरी आपण कुणाच्या कुटुंबावर जाऊन आदळू नये म्हणून ती घ्यावी. मुसळधार पावसात कॅमेरा आंधळा होतो, बंपरमागचा रडार चिखलाने झाकतो, हे लक्षात असू द्या. समोरची काच बदलली तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

रस्त्याकडेला दिव्याविना उभे राहणारे ट्रक हा वेगळाच धोका. ट्रकच्या मागचा आडवा लोखंडी दांडा नसेल किंवा गंजलेला असेल तर कारचं बॉनेट त्याच्या खाली शिरतं आणि धडक थेट काचेवर बसते. तिथे चेपणारा भाग, एअरबॅग कशाचाच पुरेसा उपयोग होत नाही. मोले-धारबांदोड्याच्या बाजूला आणि धारगळ-पेडण्याच्या पट्ट्यात रात्री वेग आवरता ठेवणं एवढाच इलाज आहे.

आता लागणारच, असं दिसलं तर

आरशात दिसलं की डोकं हेडरेस्टला टेकवा, नजर सरळ समोर ठेवा आणि पाय ब्रेकवर घट्ट दाबून धरा. मागे वळून बघू नका, वळलेल्या मानेला इजा जास्त होते. मुलांना हाका मारायला मान वळते, तीही आवरा. घरच्यांना एक शब्द आधीच शिकवून ठेवा: ‘टेका!’ म्हटलं की सगळ्यांनी डोकं मागे टेकायचं. मुलं हे चटकन शिकतात.

धडकेनंतर

इंजिन बंद, चारही इंडिकेटर चालू. गॅसचा वास येत असेल तर सगळ्यांनी लांब जायचं आणि हाताशी असेल तर सिलिंडरचा झडप बंद करायचा. विजेवरच्या गाडीतून सूं-सूं आवाज किंवा धूर आला तरी तसंच. नारिंगी तारांना हात नको. चालता येणाऱ्यांनी रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभं राहावं, गाडीच्या मागे नव्हे. लाल त्रिकोण महामार्गावर निदान पन्नास मीटर मागे, आणि करमल किंवा चोर्ला घाटात वळणाच्या आधी ठेवा.

मानेत तीव्र दुखत असेल, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर त्या माणसाला आगीचा धोका नसेल तोवर हलवू नका. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ यांपैकी कुठे न्यायचं ते रुग्णवाहिकेवाल्यांना ठरवू द्या. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात. नेमलेल्या इस्पितळात गेल्यावर ही योजना आठवणीने विचारा.

मानेचं दुखणं पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. ‘तेव्हा काहीच वाटलं नव्हतं’ म्हणून अंगावर काढू नका. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, हातात जोर नसणं, लघवीवरचा ताबा सुटणं, किंवा बेल्टच्या पट्ट्याखाली पोटावर काळंनिळं पडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच इस्पितळ. हाड मोडलेलं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मान हळूहळू हलवायला ते सांगतील. दिवसेंदिवस पट्टा बांधून पडून राहिल्याने मान आखडते. लहान मुलांना दुखतं ते सांगता येत नाही. चिडचिड, मान एका बाजूला धरणं, झोप उडणं याकडे लक्ष ठेवा.

गॅरेजमध्ये

बंपर प्लास्टिकचा असतो, नवा बसवला की गाडी साजरी दिसते. खरं काम त्याच्यामागे असतं. बंपरचं कवच काढलेलं असताना आतली लोखंडी आडवी तुळई आणि तिला जोडलेल्या दोन लांब पट्ट्या बघायला जा, किंवा फोटो मागवा. त्या दबलेल्या असतील आणि ठोकून सरळ केल्या, तर पुढच्या धडकेत त्या ठरल्याप्रमाणे चेपणार नाहीत. बदलूनच घ्या आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला तसं लिहून द्यायला सांगा. जोराच्या धडकेत ताणलेले बेल्ट बदलतात. पुढच्या सीटची पाठ मागेपुढे हलवून खडखड होते का ते बघा. मुलाची सीट मध्यम किंवा मोठ्या अपघातानंतर पुन्हा वापरू नये, दिसायला धड असली तरी.

जुनी गाडी घेतानाही हीच नजर कामाला येते, भाड्याने फिरलेली असेल तर जास्तच. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्याचा पत्रा बघा. सुरकुत्या, वेगळ्या रंगाची छटा किंवा हाताने केलेलं वेल्डिंग दिसलं तर गाडीने मागून मार खाल्ला आहे. डिकीच्या दाराभोवतीची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बोटाने चाचपा. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या तळाशी शिवलेल्या चिठ्ठीवरची तारीख वाचा. ती गाडीच्या वर्षाशी जुळत नसेल तर बेल्ट कधी आणि का बदलला, ते विकणाऱ्याला विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर दुसरी गाडी बघा.